न चढविलेले तांबडे निशाण

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर जो भयंकर स्फोट झाला, त्याची हकीकत मुंबईतील जुन्या घराण्यांतून अद्यापि सांगितली जाते. कोणाचे आजोबा कचेरीत होते आणि खिडकीची तावदाने त्यांच्या मेजावर येऊन पडली; कोणाची आजी माजघरात होती आणि फळीवरची भांडी खाली आली; कोणा पारशी गृहस्थाच्या घरात आकाशातून सोन्याची वीट पडली; अशा एक ना दोन, अनेक गोष्टी. जहाजाचे नावही पुष्कळांस तोंडपाठ असते. परंतु हे ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज बांधले कोठे गेले होते, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. ते बांधले गेले १९४२ साली, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील प्रिन्स रूपर्ट नावाच्या एका लहानशा बंदरात. युद्धकाळी कॅनडाने अशी मालवाहू जहाजे भराभर बांधून समुद्रात सोडली आणि त्यांपैकी पुष्कळांस जुन्या व्यापारी गढ्यांची नावे दिली, त्यांतलेच हे एक.

हा धागा हाती धरून आम्ही कॅनडाच्या युद्धेतिहासाची पाने चाळू लागलो, तेव्हा एक गोष्ट पाहून आम्ही थबकलो. ज्या देशाने हे जहाज घडविले, त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील एक शहर मुंबईच्या आधी सव्वीस वर्षे अशाच एका दारूगोळ्याच्या जहाजाने धुळीस मिळविले होते. त्या शहराचे नाव हॅलिफॅक्स आणि तो दिवस ६ डिसेंबर १९१७, गुरुवार. त्या दिवसाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे. मृतांची संख्या मोठी आहे हे त्याचे एकमेव कारण नव्हे. त्या सकाळी जहाजावर काय भरले आहे हे ज्यांस ठाऊक होते ते पळाले, आणि ज्यांस ठाऊक नव्हते ते पाहावयास जमले. हा भेद कसा उत्पन्न झाला, हे आम्हांस विशेष विचार करण्याजोगे वाटते.

कॅनडा १९१४ च्या युद्धात पडला तो स्वतःच्या निर्णयाने नव्हे. ब्रिटनने युद्ध पुकारले की साम्राज्याचे सर्व घटक आपोआप युद्धात, असा तेव्हाचा दंडक होता. आणि या बाबतीत ओटावा व दिल्ली यांच्या स्थितीत फारसे अंतर नव्हते. माणसे किती व कशी पाठवावयाची एवढे मात्र कॅनडाच्या पार्लमेंटाने ठरवावयाचे होते. सुमारे ऐंशी लाख वस्तीच्या त्या देशातून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक लोक लष्करात गेले आणि सुमारे साठ हजार परत आले नाहीत. १९१७ च्या एप्रिलात व्हिमीची टेकडी त्यांनी काबीज केली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाशेंडेलच्या चिखलात पंधरा हजारांवर माणसे मृत व जखमी होऊन पडली. हॅलिफॅक्स ज्या नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी आहे, त्या प्रांताच्या ८५ व्या हायलँडर पलटणीचे एकट्या पाशेंडेल येथे १४८ शिपाई कामास आले. म्हणजे डिसेंबर उजाडला तेव्हा त्या प्रांतात तारवाल्याच्या पावलांचा आवाज ऐकून ज्यांच्या काळजात धस्स होत असे, अशी घरे थोडीथोडकी नव्हती.

त्यातच सक्तीच्या लष्करभरतीवरून देश दुभंगला होता. फ्रेंच भाषा बोलणारा क्वेबेक प्रांत तिच्या कडव्या विरोधात उभा होता आणि याच प्रश्नावर १७ डिसेंबरला निवडणूक व्हावयाची होती. या निवडणुकीसाठी केलेला कायदा मोठा चमत्कारिक होता. ज्या स्त्रीचा पती, पुत्र वा भाऊ लष्करात असेल तिला मताचा हक्क मिळाला. इतर स्त्रियांस नाही. आणि शत्रुदेशांतून येऊन अलीकडे कॅनडाचे नागरिक झालेल्या पुष्कळांचा असलेला हक्क काढून घेण्यात आला. आघाडीवरचा शिपाई आणि घरातले माणूस यांची अशी सरकारी गाठ मारण्यात आली. त्या गाठीचा खरा अर्थ हॅलिफॅक्सने मतदानाच्या अकरा दिवस आधी पाहिला.

हॅलिफॅक्सच्या बंदराचा आकार चंबूसारखा आहे. समुद्राकडून आत यावे तो पात्र निमुळते होत जाते. त्या अरुंद गळ्यास तेथील लोक ‘नॅरोज’ म्हणतात. आणि गळा ओलांडला की बेडफर्ड बेसिन हा विस्तीर्ण, खोल, सर्व बाजूंनी सुरक्षित जलाशय लागतो. जर्मन पाणबुड्यांच्या भयाने १९१७ पासून व्यापारी जहाजे काफिल्याने युरोपास जाऊ लागली, तेव्हा काफिला गोळा करावयास यापरते उत्तम स्थळ नव्हते. बंदराच्या तोंडाशी पाणबुड्या अडविण्याची जाळी टाकलेली असत. ती संध्याकाळी बंद होत व सकाळी उघडत. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे ते गाव; युद्धाने त्यास एकाएकी श्रीमंती आणली. सैनिक येथूनच जहाजावर चढत, जखमी होऊन येथेच उतरत. खानावळी, दुकाने, गोदामे, सर्वांस बरकत होती. युद्ध वाईट खरे, परंतु धंदा बरा चालला आहे, असे मनातल्या मनात म्हणणारे लोक प्रत्येक देशात व प्रत्येक युद्धात असतात. हॅलिफॅक्समध्येही ते असलेच पाहिजेत.

नॅरोजच्या पश्चिम तीरावर रिचमंड नावाची कामकऱ्यांची वस्ती होती. रेल्वेचे आवार, साखरेचा कारखाना, धक्के आणि त्यांवर टेकडीच्या उतारावर एकामागे एक चढत गेलेली लाकडी घरे. या उताराची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. नाटकगृहात जशा मागच्या बैठका पुढच्यांहून उंच असतात, तशी ही घरे होती. आणि पुष्कळांच्या खिडक्या पाण्याच्या रोखाने होत्या. पलीकडच्या तीरावर डार्टमथ हे गाव आणि त्याच्या उत्तरेस टफ्ट्स कोव्ह येथे मिकमॅक या मूळ रहिवाशांची लहानशी वस्ती होती.

५ डिसेंबरच्या संध्याकाळी दोन जहाजांची वेळ चुकली. ‘इमो’ हे नॉर्वेचे जहाज बेल्जमच्या भुकेल्या लोकांसाठी धान्य आणावयास न्यूयॉर्कला निघाले होते. त्याचा कोळसा उशिरा आला आणि तोवर जाळी बंद झाली, म्हणून ते बेसिनमध्ये अडकून पडले. ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज न्यूयॉर्कहून येत होते. त्यासही उशीर झाला, म्हणून ते बंदराबाहेर थांबले. या दुसऱ्या जहाजाच्या पोटात पिक्रिक अॅसिड, टी.एन.टी. आणि गनकॉटन मिळून अडीच हजार टनांहून अधिक स्फोटक द्रव्य होते आणि वर डेकवर बेन्झॉल या ज्वालाग्राही तेलाची पिंपे रचलेली होती. असे जहाज बंदराच्या आत घेऊ नये, असा युद्धापूर्वी नियम होता. पाणबुड्यांच्या भीतीने तो शिथिल झाला होता. बाहेर ठेवावे तर शत्रू बुडवील, आत घ्यावे तर गावाला धोका. आणि अधिकाऱ्यांनी दुसरा धोका पत्करला. हा निर्णय मूर्खपणाचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्या जिवावर तो घेतला गेला, त्यांच्या कानावर तो घालावा असे कोणास वाटले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दारूगोळा वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण चढवावे, हा संकेत दर्यावर्दी लोकांत सर्वश्रुत आहे. ‘माँ ब्लाँ’वर ते नव्हते. कप्तान एमे ल मेदेक याची बाजू अशी की, ते निशाण चढविणे म्हणजे शत्रूच्या हेरांस व पाणबुड्यांस बोलावणे धाडणे. यात तथ्य नाही असे नाही. परंतु निशाणास डोळे नसतात. ते जसे शत्रूस दिसते तसेच मित्रासही दिसते, आणि शत्रूपासून लपविले की मित्रापासूनही लपले जाते. त्या सकाळी बंदरात शत्रू कोणीच नव्हता; होते ते सगळे आपलेच.

६ डिसेंबरची सकाळ स्वच्छ, निवांत उजाडली. जाळी उघडताच ‘माँ ब्लाँ’ फ्रान्सिस मॅके या अनुभवी पायलटाच्या मार्गदर्शनाखाली आत येऊ लागले आणि त्याच वेळी ‘इमो’ आदल्या दिवसाची खोटी भरून काढण्याच्या घाईने बाहेर पडू लागले. समोरून येणाऱ्या इतर नौकांस टाळता टाळता ‘इमो’ नॅरोजच्या भलत्याच बाजूस आले. दोन्ही जहाजांनी एकमेकांस शिट्ट्या दिल्या. त्या शिट्ट्यांचा अर्थ काय होता आणि कोणी कोणास वाट द्यावयास हवी होती, याचा वाद पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. पावणेनऊच्या सुमारास ‘इमो’चे नाक ‘माँ ब्लाँ’च्या उजव्या कुशीत घुसले. टक्कर जोराची नव्हती. पण ‘इमो’ मागे हटू लागले तेव्हा लोखंडावर लोखंड घासून ठिणग्या उडाल्या, डेकवर सांडलेल्या बेन्झॉलने पेट घेतला, आणि काळ्या धुराचा लोट आकाशात चढला.

येथून पुढची वीस मिनिटे ही या साऱ्या कथेचा गाभा होय.

‘माँ ब्लाँ’वरील खलाशी, कप्तान व पायलट यांनी दोन होड्या सोडल्या आणि जीव खाऊन डार्टमथच्या तीराकडे वल्ही मारली. वाटेत ते ओरडत होते, हातवारे करीत होते. परंतु त्यांची भाषा फ्रेंच, ऐकणारे इंग्रजी बोलणारे आणि पाण्यावर गलबला. किनाऱ्यास लागताच ते रानाच्या दिशेने धावत सुटले. त्यांपैकी एक सोडून सारे वाचले. रिकामे, जळते जहाज वाहत वाहत रिचमंडच्या सहा नंबरच्या धक्क्यास जाऊन टेकले.

आणि रिचमंड ते पाहावयास लोटले. मधून मधून पिंपे फुटून आतषबाजीसारख्या ज्वाला उंच जात होत्या. गिरणीकामगार फाटकाशी आले, दुकानदार दाराशी आले. हिवाळ्यात शाळा उशिरा भरत असल्यामुळे पुष्कळ मुले अद्याप घरी किंवा वाटेवर होती. आयांनी लहानग्यांस कडेवर घेऊन खिडकीशी आणले आणि जळते जहाज दाखविले. हे चित्र आम्हांस त्या दिवसाच्या सर्व चित्रांत अधिक भेदक वाटते. कारण यात कोणाचाही अपराध नाही. आग लागली की माणूस पाहतो. आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत हेच झाले नसते काय?

जे केवळ पाहत न राहता मदतीस गेले, त्यांचीही गत तीच झाली. ‘स्टेला मॅरिस’ ही लहान आगबोट जहाजास ओढून धक्क्यापासून दूर नेण्याच्या खटपटीत होती; ‘नायोबी’ या लढाऊ जहाजावरून सात खलाशांची एक होडी तिच्या साह्यास आली. शहराच्या अग्निशामक दलाकडे ‘पॅट्रिशिया’ नावाचा मोटारीचा बंब होता. त्या दलास याचा मोठा अभिमान असे. तो बंब धावत धक्क्यावर आला. दलाचे मुख्य व उपमुख्य तेथेच मरण पावले. सर्व मिळून नऊ जवान गेले. बंबाचा चालक तेवढा वाचला.

एकाच इसमाच्या बाबतीत जाणणे आणि न जाणणे यांतली भिंत पडली. व्हिन्सेंट कोलमन हा रिचमंडच्या रेल्वे आवारात तारेने गाड्यांचे नियंत्रण करणारा कारकून. जहाजावर दारूगोळा आहे हे एका खलाशाने ओरडून सांगितले. कोलमन व त्याचा सोबती पळावयास निघाले. पण सेंट जॉनहून रात्री निघालेली उतारूंची गाडी थोड्याच वेळात येथून जावयाची, हे कोलमनला आठवले. तो परत फिरला आणि गाडी थांबवा अशी तार त्याने मागील स्थानकांस पाठविली. शेवटी त्याने निरोपही घेतला. गाडी शहराबाहेरच राहिली. कोलमन आपल्या जागी मरण पावला. त्याच्या तारेमुळे हॅलिफॅक्सवर काही भयंकर ओढवले आहे, ही वार्ता रेल्वेमार्गावर तत्काळ फुटली व मदतीच्या गाड्या लौकर निघाल्या. एका माणसाला एक वाक्य वेळेवर समजले त्याचे हे फळ. तेच वाक्य साऱ्या उतारावर कोणी ओरडून सांगितले असते तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

नऊ वाजून चार मिनिटांनी जहाज फुटले. अणुबाँब निर्माण होईपर्यंत मनुष्याने घडविलेल्या स्फोटांत हा सर्वांत मोठ्यांपैकी एक गणला जातो. जहाजाचे अक्षरशः तुकडे तुकडे होऊन ते मैलोगणती विखुरले. नांगराचा अर्ध्या टनाचा दांडा शहराच्या पलीकडे दोन मैलांवर जाऊन पडला आणि तोफेची नळी दुसऱ्या दिशेस डार्टमथच्या मागे सापडली. बंदराचे पाणी क्षणभर तळापर्यंत दुभंगले आणि मग साठ फुटांची लाट होऊन दोन्ही तीरांवर चढली. त्या लाटेने ‘इमो’ला उचलून डार्टमथच्या किनाऱ्यावर टाकले आणि टफ्ट्स कोव्हची मिकमॅक वस्ती धुऊन नेली. चारशे एकरांवरची इमारत न् इमारत कोसळली. सुमारे सोळाशे माणसे त्या क्षणीच गेली. पुढे हा आकडा दोन हजारांच्या घरात पोहोचला, आणि जखमी झाले ते नऊ हजार. ‘इमो’चा कप्तान व पायलट दोघेही मेले, मॅके व ल मेदेक जगले, आणि पुढच्या दोषारोपात या गोष्टीचा परिणाम झाला.

खिडक्यांची गोष्ट आता पुढे येते. धक्क्याने शहरातील जवळजवळ प्रत्येक तावदान फुटले आणि जे काचेशी उभे राहून पाहत होते, त्यांच्या डोळ्यांत त्या काचा गेल्या. डोळ्यांस इजा झाल्याच्या ५,९०० नोंदी झाल्या. एकेचाळीस माणसे दोन्ही डोळ्यांनी कायमची आंधळी झाली. ज्यांचा एक डोळा गेला ते निराळेच. न्यू ग्लास्गोहून आलेले डॉक्टर जॉर्ज कॉक्स व इतर नेत्रवैद्य दिवसरात्र, झोप न घेता, डोळे काढण्याच्या शस्त्रक्रिया करीत होते. पुढल्याच साली कॅनडात अंधांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या पुढे दोन वर्ग होते: आघाडीवर दृष्टी गमावलेले शिपाई आणि आपल्या घराच्या खिडकीत दृष्टी गमावलेले हॅलिफॅक्सचे नागरिक.

थंडीचे दिवस असल्यामुळे प्रत्येक घरात कोळशाची चूल पेटलेली होती. लाकडी घर कोसळले म्हणजे ते पेटत्या चुलीवर कोसळले. कित्येक माणसे ढिगाऱ्याखाली जिवंत असता आग त्यांच्याजवळ येत गेली. शिपाई व खलाशी त्यांस काढू लागले, तो दहाच्या सुमारास आवई उठली की वेलिंग्टन बराकीतील दारूकोठार आता उडणार. कोठाराजवळच्या भट्टीतील निखारे शिपाई विझवीत होते, त्याची वाफ पाहून हा समज झाला. लोकांस मोकळ्या मैदानात जाण्याचे हुकूम सुटले. आणि बचावाचे काम तासदीडतास अनेक ठिकाणी थांबले. म्हणजे ज्या स्फोटाची सूचना हवी होती त्याची मिळाली नाही, आणि जो व्हावयाचाच नव्हता त्याची मात्र सगळ्यांस मिळाली. एकदा विश्वास उडाला की खरे-खोटे निवडावयाचे कोणी?

कॅम्प हिल येथे आघाडीवरून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी नवे इस्पितळ नुकतेच उघडले होते. तीनशेहून कमी खाटांच्या त्या जागेत एका दिवसात चौदाशेच्या आसपास जखमी आले. फ्लँडर्सहून बरे होण्यासाठी आलेल्या शिपायांनी आपल्या खाटा बायकामुलांस दिल्या आणि जमेल ती शुश्रूषा केली. युद्धात पुरुष रणात जातो व स्त्रिया त्याच्या जखमा बांधतात, ही आपल्या काव्यांतून चालत आलेली रीत. येथे ती उलटी झाली. खंदकातील कित्येक नोव्हा स्कोशियन शिपायांस त्या महिन्यात जी पत्रे व तारा आल्या, त्यांत ते स्वतः सुरक्षित व त्यांचे घर नाहीसे, असा मजकूर होता. तारवाल्याचे भय ज्यांस वाटावयाचे ते घरी. परंतु तार मात्र उलट दिशेने गेली.

यांपैकी एक कथा हॅलिफॅक्समध्ये आजही सांगितली जाते. बाप युरोपात लढावयास गेलेला. घरी आई, मुलगा आणि दोन वर्षेही पुरी न झालेली मुलगी. आई व मुलगा ठार झाले. मुलगी धक्क्याने चुलीखाली राखेच्या कप्प्यात फेकली गेली. दुसऱ्या दिवशी, सव्वीस तासांनंतर, आपल्या स्वतःच्या कुटुंबाचा शोध घेत फिरणाऱ्या एका शिपायास तिचे रडणे ऐकू आले. बाहेर बर्फाचे वादळ सुरू झाले होते; कोमट राखेने त्या पोरीस जगविले होते. ती वृद्धापकाळापर्यंत जगली.

ते वादळ ७ तारखेस आले, तेव्हा सोळा इंच बर्फ पडला. ढिगाऱ्याखाली अजून जिवंत असलेल्यांचे त्याने काय केले असेल ते सांगावयास नको. चेबक्टो रोडवरील शाळेचे तळघर शवागार झाले. १९१२ साली टायटॅनिक बुडाले तेव्हा त्यातील प्रेते याच शहरात आणली होती आणि बार्नस्टेड नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक प्रेतास क्रमांक देऊन अंगावरच्या वस्तू त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत घातली होती. पाच वर्षांनी त्याच्या मुलास तीच पद्धत आपल्या गावकऱ्यांसाठी वापरावी लागली.

मदत आली ती चहूकडून. बोस्टनहून डॉक्टर, परिचारिका व सामान घेऊन त्याच रात्री आगगाडी निघाली आणि बर्फातून वाट काढीत ८ तारखेच्या पहाटे पोहोचली. या उपकाराची फेड म्हणून १९१८ साली नोव्हा स्कोशियाने बोस्टनला नाताळचे झाड पाठविले. १९७१ पासून तो प्रघात पुन्हा सुरू झाला व दर वर्षी एक मोठे झाड तेथे जाते. जानेवारी १९१८ मध्ये नेमलेल्या मदत-मंडळाने रिचमंडच्या उतारावर हायड्रोस्टोन नावाच्या घडीव ठोकळ्यांची सुबक घरे बांधली; ती आजही उभी आहेत आणि पाहणाऱ्यास संतोष देतात. हे सर्व खरे. पण टफ्ट्स कोव्हची मिकमॅक वस्ती पुन्हा वसली नाही, आणि बेसिनच्या काठावर आफ्रिकव्हिल नावाची कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांची जी वस्ती होती, तिच्या वाट्यास या निधीतले फारच थोडे आले. आपत्ती सर्वांस सारखे लेखते असे म्हणतात; आपत्ती लेखत असेलही, मदत-मंडळे लेखत नाहीत.

आता दोषाचा प्रश्न. पहिला संशय अर्थातच जर्मनांवर गेला. शहरातील जर्मन वंशाच्या रहिवाशांची धरपकड झाली. ‘इमो’वरचा वाचलेला नॉर्वेजियन सुकाणूवाला हेर समजून पकडला गेला. हेर कोणीच नाही असे ठरल्यावर रोख फ्रेंचांकडे वळला. सक्तीच्या भरतीवरून फ्रेंच या शब्दाविषयी इंग्रजीभाषी कॅनडात आधीच कडवटपणा होता. ज्यांचा जीव वाचला त्यांचा अपराध मोठा, असाही एक न्याय माणसाच्या मनात असतो. १३ डिसेंबरला चौकशी बसली आणि ४ फेब्रुवारी १९१८ रोजी न्यायमूर्ती ड्रायस्डेल यांनी ल मेदेक, मॅके आणि बंदरातील जहाजांच्या ये-जा तपासणीचा नौदल-अधिकारी वायट या तिघांस दोषी ठरविले. त्यांच्यावर मनुष्यवधाचे आरोप आले. ते टिकले नाहीत: कप्तान व पायलट सुटले, वायट यास ज्यूरीने निर्दोष सोडले. १९१९ मध्ये कॅनडाच्या वरिष्ठ न्यायालयाने आणि १९२० मध्ये प्रिव्ही कौन्सिलाने दोन्ही जहाजांचा दोष सारखाच, असा निर्णय दिला. दोन हजार माणसांच्या मृत्यूबद्दल कोणासही शिक्षा झाली नाही. ‘इमो’ दुरुस्त होऊन नव्या नावाने व्हेल माशाचे तेल वाहू लागले आणि १९२१ साली फॉकलंड बेटांजवळ खडकावर चढून संपले.

या खटल्यांत शिट्ट्यांचा, वेगाचा, सुकाणूच्या कोनाचा पुष्कळ खल झाला. नागरिकांस का सांगितले नाही, हा प्रश्न मात्र बाजूसच राहिला; कारण ‘युद्ध चालू आहे’ हे उत्तर त्यावर तयार होते. हॅलिफॅक्समध्ये लहानपणी हा स्फोट अनुभवलेल्या ह्यू मॅक्लेनन यांनी १९४१ मध्ये ‘बॅरोमीटर रायझिंग’ ही कादंबरी या घटनेवर लिहिली, तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते व त्याच बेसिनमध्ये पुन्हा काफिले जमत होते.

त्याच युद्धात प्रिन्स रूपर्टचे ते जहाज मुंबईस आले. तेथेही तसाच नियम युद्धासाठी सैल करण्यात आला होता: शांततेच्या काळी स्फोटके गोदीत न आणता बाहेर पाण्यावरच पडावांत उतरवीत. ‘फोर्ट स्टिकिन’मध्ये सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि त्याच्या जोडीस कराचीस चढविलेल्या कापसाच्या गाठी होत्या. धूर दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत हॅलिफॅक्सला वीस मिनिटे मिळाली. मुंबईस दोन तासांहून अधिक मिळाली. तरीही गोदी रिकामी करण्याचा हुकूम सुटला नाही. शेजारच्या जहाजांवर, गोदामांत, धक्क्यांवर माणसे कामे करीत राहिली आणि बंबवाले जळत्या जहाजावर पाणी मारीत राहिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. शहर हादरले, शेकडो माणसे मेली, आकाश रात्रभर लाल होते. पण लष्करी नियंत्रणामुळे ही बातमी जगास रीतसर सांगावयास मे महिना उजाडला. जपानच्या ताब्यातील सायगावच्या रेडिओने मात्र ती दुसऱ्याच दिवशी सांगितली होती. ज्या शत्रूपासून लपवावयाची त्यास ती आधी कळली.

पुढल्या वर्षी, १८ जुलै १९४५ च्या संध्याकाळी, हॅलिफॅक्सला बेडफर्ड बेसिनच्या काठावरील नौदलाच्या दारूकोठारास आग लागली. युरोपातील युद्ध संपल्यामुळे जहाजांवरून उतरविलेला दारूगोळा तेथे उघड्यावर रचून ठेवला होता. स्फोटांमागून स्फोट रात्रभर व दुसऱ्या दिवशीही चालू राहिले. या खेपेस मात्र शहराचा उत्तर भाग खाली करण्याचा हुकूम सुटला आणि लोकांनी तो मानला. दारेखिडक्या उघड्या टाकून, मुलांस व म्हाताऱ्यांस बरोबर घेऊन हजारो माणसे किल्ल्याच्या उतारावर आणि दक्षिणेकडील बागेत जाऊन उघड्यावर झोपली. त्यांत अठ्ठावीस वर्षांपूर्वीची सकाळ पाहिलेली कितीतरी माणसे होती. दुसऱ्या रात्रीनंतर लोक घरोघर परतू लागले. त्या आगीत कोठारावरचा एक पहारेकरी मेला. शहरात कोणीही नाही.